जॉनी लिव्हर

(जन्म : १४ ऑगस्ट १९५७). भारतीय नकलाकार, रंगमंचावरील विनोदकार आणि हिंदी चित्रपट अभिनेते. मूळ नाव जॉन प्रकाश राव जनुमला. जन्म आंध्र प्रदेशातील कनिगिरी येथे, तेलुगू ख्रिस्ती कुटुंबात. बालपण मात्र मुंबईत, धारावीत गेले. घरच्या ओढगस्तीमुळे सातवीनंतर शाळा सुटली. मग त्यांनी रस्त्यावर पेन विकले. गिऱ्हाईक थांबावे म्हणून ते सिनेनटांच्या आवाजात बोलत आणि त्यांच्यासारखे नाचत.

पुढे वडील नोकरीला होते त्याच हिंदुस्थान लिव्हर कंपनीत ते कामगार म्हणून लागले. तिथल्या एका समारंभात त्यांनी साहेबमंडळींच्या हुबेहूब नकला केल्या आणि सहकाऱ्यांनी त्यांना ‘जॉनी लिव्हर’ करून टाकले. साहेबाची नक्कल साहेबासमोरच करण्यात जोखीम होती, पण कामगारांना हसवायला त्याहून चांगला विषय तरी कोणता! १९८१ मध्ये त्यांनी नोकरी सोडली.

मुंबईतील हिंदी गाण्यांच्या ऑर्केस्ट्रात दोन गाण्यांच्या मधल्या वेळात नकलाकार माइक हाती घेई. लोक आलेले असत गाणी ऐकायला. त्यामुळे त्यांना पहिल्या वाक्यातच धरून ठेवावे लागे. जॉनी घडले ते या मधल्या वेळात. संगीतकार कल्याणजी-आनंदजी यांच्या चमूत ते सामील झाले आणि १९८२ च्या परदेश दौऱ्यात अमिताभ बच्चन यांच्यासोबत त्यांनी कार्यक्रम केले. ‘हंसी के हंगामे’ या ध्वनिफितीने त्यांना घरोघर पोहोचवले. फितीत चेहरा दिसत नाही, हातवारे दिसत नाहीत. सगळी भिस्त आवाजावर. ताऱ्यांचे आवाज त्यांच्या आधीही अनेक जण काढत असत. निरनिराळ्या प्रांतांतील माणसांचे हिंदी आणि बोलण्याच्या लकबी उचलण्यात मात्र जॉनींचे वेगळेपण दिसते.

सुनील दत्त यांच्या ‘दर्द का रिश्ता’ (१९८२) पासून त्यांचा चित्रपटप्रवास सुरू झाला. ‘होप ८६’ या मदतनिधी कार्यक्रमात ते ऐनवेळची जागा भरायला उभे राहिले. समोर अवघी चित्रपटसृष्टी बसलेली होती. त्यातून ‘जलवा’ (१९८७) मिळाला. ‘बाजीगर’ (१९९३) मधील विसराळू नोकर बाबूलाल खूप गाजला. ‘दीवाना मस्ताना’ (१९९७) व ‘दूल्हे राजा’ (१९९८) यांसाठी त्यांना विनोदी भूमिकेचे फिल्मफेअर पुरस्कार मिळाले. भूमिकांची संख्या मोठी असली, तरी त्यांपैकी बऱ्याच एकाच साच्याच्या आहेत. कथेत थोडी हसण्याची सोय हवी, की त्यांना बोलावले जाई. पडद्याने त्यांचा चेहरा मनमुराद वापरला, आवाज त्या मानाने थोडाच. तो पुरेपूर ऐकू येतो रंगमंचावरच, आणि तिथले प्रयोग त्यांनी पुढेही सुरू ठेवले.

कन्या जेमी लिव्हर याही नकलाकार असून वडिलांसोबत रंगमंचावर आणि ‘हाउसफुल ४’ (२०१९) मध्ये पडद्यावर दिसल्या. आशा भोसले यांच्या बोलण्याची त्यांनी केलेली नक्कल विशेष लोकप्रिय आहे.