१६३वा सामना

क्रिकेटवर वाढलेल्या आपल्या मंडळींना बेसबॉल तसा परकाच. तरी आज मी बोलणार आहे ते बेसबॉलच्या एका सामन्याबद्दल. तारीख २ ऑक्टोबर १९७८, सोमवारची दुपार. ठिकाण अमेरिकेतल्या बॉस्टन शहराचं फेनवे पार्क. आमनेसामने यजमान रेड सॉक्स आणि न्यूयॉर्कचे यांकीज. वैर जुनं, पिढ्यान्‌पिढ्यांचं.

अमेरिकन लीगचे तेव्हा पूर्व आणि पश्चिम असे दोनच विभाग होते आणि प्रत्येक विभागातून फक्त पहिला संघ पुढे जायचा. दुसऱ्याला काही नाही. एप्रिलपासून १६२ सामने खेळायचे आणि मग हिशेब मांडायचा. त्या वर्षी हिशेब मांडला तर दोघांचेही ९९ विजय आणि ६३ पराभव! नॅशनल लीगमध्ये अशी बरोबरी झाली की तीन सामने खेळवत. अमेरिकन लीगचा रिवाज मात्र एकाच सामन्याचा. कुठे खेळायचं हेही नाणेफेकीनं ठरलेलं. सहा महिन्यांची मेहनत एका दुपारवर लावायची, असा हा कारभार. १९४८ मध्ये याच मैदानावर अशीच वेळ आली होती, तेव्हा क्लीव्हलंडनं रेड सॉक्सना ८-३ असं हरवलं होतं.

बरोबरी झाली कशी, तीही एक कथाच आहे. जुलैच्या मध्यावर यांकीज तब्बल १४ सामन्यांनी मागे होते. खेळाडू आणि मालक यांच्याबद्दल भलतंच बोलून बसलेल्या बिली मार्टिन या व्यवस्थापकाला राजीनामा द्यावा लागला आणि शांत स्वभावाचे बॉब लेमन आले. ऑगस्टपासून न्यूयॉर्कची मोठी वर्तमानपत्रं संपामुळे बंद होती, त्यामुळे संघातली भांडणं छापायलाच कोणी उरलं नाही. त्याचाही फायदा झाला म्हणतात. (वर्तमानपत्राच्या पानावर हे सांगताना जरा संकोच वाटतो.) सप्टेंबरमध्ये यांकीज बॉस्टनला आले आणि चारही सामने जिंकून गेले. चार सामन्यांच्या मिळून धावा ४२ विरुद्ध ९. रेड सॉक्स संपले असंच वाटलं. पण त्यांनीही शेवटचे आठ सामने ओळीनं जिंकून बरोबरी गाठली.

आता सामना. दुसऱ्या डावात ३९ वर्षांच्या कार्ल यस्त्रेम्स्कीनं होम रन मारून बॉस्टनला आघाडी दिली. सहाव्या डावात जिम राइसनं आणखी एक धाव मिळवून दिली, २-०. त्याच डावात फ्रेड लिनचा उजवीकडे गेलेला जोरदार फटका लू पिनिएलानं टिपला. आपला गोलंदाज रॉन गिड्री थकलाय, चेंडू नेहमीपेक्षा हळू येतोय, तेव्हा डावखुरा लिन तो जास्त ओढून मारेल, हे हेरून पिनिएला आधीच रेषेकडे सरकून उभा होता. तो फटका निसटला असता तर दोन धावा नक्की होत्या.

सातव्या डावात यांकीजचे दोघे बेसवर होते, दोघे बाद झाले होते आणि फलंदाजीला आला नववा खेळाडू, बकी डेंट. अख्ख्या मोसमात त्याचे होम रन चार. लेमनला तिथे बदली फलंदाज पाठवावासा वाटला असता, पण नेहमीचा विली रॅंडॉल्फ जखमी होता आणि त्याच्या जागी खेळणाऱ्यासाठी बदली फलंदाज नुकताच वापरून झाला होता. डेंटलाही काढलं तर त्या जागी उभं करायला माणूसच नव्हता. एक चेंडू डेंटनं आपल्याच पायावर मारून घेतला. तो लंगडत असताना मिकी रिव्हर्सच्या लक्षात आलं की याच्या बॅटला तडा गेलाय. नवी बॅट आली. माइक टोरेझनं चेंडू टाकला आणि डेंटनं तो डावीकडे उंच उडवला. फेनवेची ती बाजू आखूड, म्हणून तिथे ३७ फुटांची हिरवी भिंत. चेंडू भिंतीवरून जाळीत पडला. तीन धावा, ३-२. भिंतीखाली उभा राहून हे पाहत होता यस्त्रेम्स्कीच. आणि टोरेझ? आदल्याच वर्षी यांकीजना विश्वविजेतेपदाचा अखेरचा सामना जिंकून देणारा गोलंदाज तोच!

सगळे डेंटचंच नाव घेतात. पण थर्मन मन्सनच्या फटक्यानं ४-२ झाले आणि आठव्या डावातल्या रेजी जॅक्सनच्या होम रननं ५-२. बॉस्टननं लगेच दोन धावा फेडल्या, ५-४. म्हणजे नुसत्या डेंटच्या तीन धावांवर भागलं नसतं.

माझ्या मते सामना फिरला तो नवव्या डावात. बॉस्टनचा एक जण बाद झालेला, रिक बर्लसन पहिल्या बेसवर. जेरी रेमीनं चेंडू उजवीकडे मारला आणि तो पिनिएलाला दिसेचना, कारण मावळतीचं ऊन थेट डोळ्यांत. तरी त्यानं झेल घेणार असल्याचा आव आणला आणि टप्पा पडलेला चेंडू ऐन वेळी हातमोजा पुढे करून अडवला. या हुलकावणीमुळे बर्लसन दुसऱ्या बेसवरच थांबला. त्यानंतर राइसचा लांब झेल गेला. बर्लसन तिसऱ्या बेसवर असता तर त्या झेलावर धाव घेऊन आला असता आणि बरोबरी झाली असती.

मग यस्त्रेम्स्की आला. समोर गूस गोसेजची तुफान गोलंदाजी. चेंडू सरळ वर चढला आणि तिसऱ्या बेसपाशी ग्रेग नेटल्सच्या हातात विसावला. यस्त्रेम्स्की १९८३ पर्यंत खेळला, पण विश्वविजेतेपद त्याला मिळालं नाही. यांकीजनी मात्र ते त्याच महिन्यात पटकावलं.

हा न्याय होता का? बेसबॉलमध्ये ९९ विजय म्हणजे दहातले सहा. उत्तम संघही दहात चार वेळा हरतो. अशा खेळात एका सामन्यानं श्रेष्ठ कोण ते ठरत नाही, एवढंच ठरतं की पुढे कोण जाणार. पुढे २०१२ पासून काही वर्षं बाद फेरीत असा एकच सामना मुद्दाम ठेवला होता. २०२२ पासून तो तीन सामन्यांचा झाला आणि बरोबरी सोडवायला जादा सामनाही उरला नाही. आपसातल्या विजयांची बेरीज करून कागदावरच निकाल लागतो. हे जास्त न्याय्य आहे, यात शंका नाही. पण त्या सोमवारी मैदानावर आलेल्या जवळपास ३३ हजार माणसांना कागदाची बेरीज चालली असती, असं मला वाटत नाही.

डेंटच्या नावामध्ये बॉस्टनकर आजही एक शिवी घालतात, ती इथे छापण्याजोगी नाही. पुढे तो यांकीजचा व्यवस्थापक झाला. जून १९९० मध्ये त्याला नारळ देण्यात आला, तेव्हा संघ दौऱ्यावर होता. दौरा होता बॉस्टनचा.