मोडशी

मनोरीच्या आत्याला मागच्या पावसाळ्यात मोडशी झाली. रात्रभर उलट्या नि जुलाब. सकाळी बोटीने खाडी ओलांडून मार्वेला आणली, तिथून रिक्षाने मालाडच्या एका दवाखान्यात.

"मोडशी झालीय," आत्याने सांगितलं.

"आजी, पडलात का कुठे? काय मोडलं?" तरुण डॉक्टरांनी विचारलं.

आम्हाला हसू आलं. आत्या हसली नाही. तेवढं त्राणच नव्हतं. मग चिठ्ठीवर लिहिलं गेलं गॅस्ट्रोएन्टरायटिस, म्हणजे जठर आणि आतड्यांचा दाह. सोबत डिहायड्रेशन, म्हणजे अंगातलं पाणी आटणं.

गंमत म्हणजे, या शब्दाचा घोटाळा काही पहिल्यांदा झालेला नाही. गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्याला आला. पुढे मुंबई बेटही त्याच्याकडे खंडाने होतं. औषधांवरचा त्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. त्यात या आजाराचं पोर्तुगीजांच्या तोंडचं नाव तो 'मोर्देशी' असं देतो. जुलाब-उलट्या, क्षीण नाडी, खोल गेलेले डोळे आणि थोड्याच वेळात मरण, हे त्याचं वर्णन कॉलऱ्याशी जुळतं. तोच शब्द फ्रेंचांच्या कानावर पडला आणि त्याचं झालं 'मॉर द शियाँ', म्हणजे कुत्र्याचं मरण! १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' कोशाने खुलासा केला की इथे कुत्र्याचा संबंध नाही. मूळ शब्द मराठी-कोकणी मोडशी, 'मोडणे' वरून आलेला.

पुढे कॉलऱ्याला आपण पटकी म्हणू लागलो आणि मोडशी अपचनापुरती उरली. पण नाव ठेवणाऱ्याने नेमकं पाहिलं होतं. पाणी आणि क्षार निघून गेले की माणूस खरोखर मोडून पडतो. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजायला लावलं. मृत्यूचं प्रमाण ४ टक्क्यांखाली आलं. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, ६ सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. बस्स.

आत्या संध्याकाळपर्यंत बोलायला लागली. पहिलं वाक्य: "त्या पोराला मोडशी ठाऊक नाही?"

असो. घरातल्या म्हाताऱ्यांचे असे शब्द पोरांना सांगून ठेवा. आणि दवाखान्यात जाताना शब्दासोबत हेही सांगा: जुलाब किती झाले, पाणी पोटात ठरतंय का, लघवी शेवटची कधी झाली. हे सगळ्याच डॉक्टरांना कळतं.