एकच परीक्षा, दोन कालगणना : १८६९ चा वयाचा वाद

१/ प्रश्नपत्रिका सर्वांना सारखी असली, म्हणजे परीक्षा न्याय्य ठरते का? १८६९ साली लंडनमध्ये दोन भारतीय तरुणांमुळे हा प्रश्न थेट न्यायालयात गेला. एक सुरेंद्रनाथ बॅनर्जी. दुसरे मुंबई इलाख्यातील श्रीपाद बाबाजी ठाकूर. #थ्रेड

२/ पूर्वी भारतातील सनदी नोकऱ्या कंपनीच्या संचालकांच्या वशिल्याने मिळत. १८५५ पासून त्यांसाठी खुली स्पर्धा परीक्षा सुरू झाली. कागदोपत्री तिचे दार सर्वांना उघडे होते.

३/ मात्र परीक्षा केवळ लंडनमध्येच होई. मेकॉले समितीच्या आराखड्यात ग्रीक व लॅटिनला प्रत्येकी ७५० गुण, तर संस्कृत व अरबीला प्रत्येकी ३७५. शिवाय प्रवासाचा खर्च आणि समुद्रपर्यटनामुळे ओढवणारा स्वकीयांचा रोष होताच. १८६३ मध्ये सत्येंद्रनाथ टागोर उत्तीर्ण झाले. ते पहिले भारतीय.

४/ १८६९ मध्ये चौघे भारतीय उत्तीर्ण झाले : बॅनर्जी, ठाकूर, रमेशचंद्र दत्त आणि बिहारीलाल गुप्त. परंतु बॅनर्जी व ठाकूर यांची नावे आयोगाने वगळली. आक्षेप असा की, दोघांचे वय २१ च्या मर्यादेपलीकडे गेले आहे. पुरावा काय? भारतातील विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेत नोंदवलेले वय!

५/ खरी गोम कालगणनेत होती. आपल्याकडे चालू वर्ष सांगण्याची रीत होती. सोळावे लागले की वय सोळा. इंग्रज पूर्ण झालेली वर्षे मोजत. बॅनर्जींचा जन्म नोव्हेंबर १८४८ चा. म्हणजे इंग्रजी हिशेबाने १८६९ च्या परीक्षेवेळी ते जेमतेम वीस वर्षांचे होते.

६/ बॅनर्जींनी क्वीन्स बेंच न्यायालयात दाद मागितली. अखेर आयोगाला माघार घ्यावी लागली आणि दोघांचीही निवड कायम झाली.

७/ पुढे १८७४ मध्ये बॅनर्जी सेवेतून बडतर्फ झाले. १८७६ मध्ये वयोमर्यादा १९ वर आणण्याचे ठरले, तेव्हा त्याविरुद्ध देशभर दौरा करून लोकमत जागवणारे तेच होते. इतक्या कोवळ्या वयात विलायतेला जाऊन तयारी करणे किती भारतीयांना साधणार होते?

८/ १८८५ मध्ये मुंबईत भरलेल्या काँग्रेसच्या पहिल्याच अधिवेशनाने भारतातही एकाच वेळी परीक्षा घेण्याची मागणी केली. १८९३ मध्ये ब्रिटिश कॉमन्स सभेने तसा ठराव संमत केला. सरकारने तो अमलात आणला नाही. भारतात परीक्षा सुरू झाली ती १९२२ मध्ये, अलाहाबादला. खुल्या म्हणवणाऱ्या परीक्षेचे केंद्र परीक्षार्थींच्या देशात यायला ६७ वर्षे लागली.