मान्सूनचे गणित आणि महासंगणक : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
हवामानाचे भाकीत गणिती समीकरणे सोडवून करता येईल, हा विचार इंग्रज शास्त्रज्ञ लुईस फ्राय रिचर्डसन यांनी १९२२ च्या ग्रंथात सविस्तर मांडला. त्यांनी हाताने केलेले गणित मात्र चुकले. जगाच्या हवामानाबरोबर राहावयाचे, तर ६४,००० माणसे गणितास बसवावी लागतील, असा त्यांचाच अंदाज होता. १९५० मध्ये अमेरिकेत एनिॲक या संगणकावर चार्नी, फ्योर्टोफ्ट व फॉन नॉयमन यांनी संगणकीय भाकिताचा पहिला यशस्वी प्रयोग केला. २४ तासांच्या भाकितास तेव्हा सुमारे २४ तासच लागले. संगणनाचा वेग हाच संशोधनाचा पाया ठरावा, असे हे क्षेत्र आहे. प्रस्तुत लेखात याच दृष्टीने भारतातील वाटचालीचा विचार केला आहे.

भारतातील वाटचाल :
१९८० च्या दशकात भारताने अमेरिकेकडे क्रे महासंगणक मागितला. त्याचा वापर संरक्षणविषयक कामासाठी होईल, या शंकेने अधिक शक्तिशाली यंत्र नाकारले गेले. हवामानाच्या कामापुरते क्रे एक्स-एमपी/१४ दिल्लीस मिळाले. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ सिद्ध झाला.

नकारातून स्वावलंबन, असा या घटनेचा अर्थ लावला जातो. तो खरा असला तरी अपुरा आहे. ‘परम’मध्ये अनेक प्रोसेसर एकाच वेळी काम करीत. अशा यंत्रावर हवामानाचे प्रतिमान चालवावयाचे, तर भूभागाचे तुकडे प्रोसेसरांत वाटून त्यांच्या सीमांवरील आकड्यांची सतत देवाणघेवाण करावी लागते. त्यासाठी आज्ञावलीची नव्याने मांडणी आवश्यक असते. यंत्राइतकेच हे कौशल्यही महत्त्वाचे होय.

वेग व सूक्ष्मता :
प्रतिमानात पृथ्वीवर चौकटींचे जाळे कल्पिले जाते. चौकटीची बाजू निम्मी केली की चौकटी चौपट होतात, काळाचे टप्पेही दुप्पट करावे लागतात. म्हणजे गणित सुमारे आठपट वाढते. २०१८ मध्ये पुण्याचा ‘प्रत्यूष’ व नोएडाचा ‘मिहीर’ यांची एकत्रित क्षमता ६.८ पेटाफ्लॉप होती. २०२४ मध्ये याच ठिकाणी अनुक्रमे ‘अर्का’ (११.७७) व ‘अरुणिका’ (८.२४) आले. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेली भारत फोरकास्ट सिस्टिम मे २०२५ मध्ये कार्यान्वित झाली व जाळे १२ वरून ६ किलोमीटरवर आले. पेरणीचा निर्णय घेणाऱ्या शेतकऱ्यास जिल्ह्याचा नव्हे, आपल्या गावाचा पाऊस हवा असतो; म्हणून या फरकाचे मोल मोठे आहे.

निष्कर्ष :
तथापि एकेकटा पावसाळी ढग ६ किलोमीटरच्या जाळ्यातही पुरता टिपला जात नाही. त्याचे वर्तन आजही निरीक्षणे व सिद्धान्त यांच्या आधारे अंदाजानेच मांडावे लागते. महासंगणक संशोधकाचा प्रश्न जलद सोडवितो, तो प्रश्न त्याच्यासाठी मांडत नाही. यंत्र काही वर्षांत कालबाह्य होते; समीकरणे जाणणारी व आज्ञावली लिहिणारी माणसे टिकतात. ती घडविण्याची जबाबदारी महाविद्यालयांची आहे. गणित, भौतिकशास्त्र व संगणकशास्त्र या विभागांतील भिंती कायम ठेवून ती पार पाडता येणार नाही.