गोणपाटाची जागा

साताऱ्याच्या जुन्या राजवाड्यापाशी आलो की माझे विद्यार्थी हमखास विचारतात, "सर, बाबासाहेब बसायचे कुठे?" मी सांगलीत इतिहास शिकवतो. हा जिल्हा १९४९ ते १९६० 'दक्षिण सातारा' म्हणूनच ओळखला जाई; सातारा आम्हाला परका नाही.

राजवाडा छत्रपती प्रतापसिंहांचा, १८२४ सालचा. इंग्रजांनी १८३९ साली त्यांना पदच्युत केले. पुढे इथे सरकारी हायस्कूल भरे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी 'भिवा रामजी आंबेडकर' हे नाव त्याच्या रजिस्टरात १९१४ क्रमांकावर चढले. कागद टिकला. २०१७ पासून तो दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात, हे योग्यच झाले.

पण त्या बसण्याची खूण भिंतीत कशी सापडणार? 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये बाबासाहेबांनी साताऱ्यातल्या शाळकरी दिवसांविषयी लिहून ठेवले आहे. वर्गात कोपऱ्यात वेगळे बसायचे, तेही घरच्या गोणपाटावर. शाळा झाडणारा नोकर ते गोणपाट शिवत नसे, म्हणून रोज संध्याकाळी घरी न्यायचे, सकाळी परत आणायचे. नळाची तोटी शिपायाने सोडायची. शिपाई नाही तर पाणी नाही.

झिजलेला शिलालेख आमचे संशोधक भिंग लावून वाचतात. ही खूण काळाने झिजवलेली नाही. एक पोर ती रोज काखेत मारून घरी नेत होते. आणि वास्तू जतन करा म्हणणारी मंडळी बोलतात ती खांबांविषयी, नक्षीविषयी! जतन जरूर करा. मात्र दारावर पाटी लावाल तेव्हा नुसते थोर नाव कोरून थांबू नका; तीत गोणपाट लिहा, तोटी लिहा, शिपाईही लिहा.