शब्दवेध : इटर्निटी

१९३२ पासून सिडनीच्या फुटपाथांवर भल्या पहाटे एकच शब्द उमटत असे. खडूने, वळणदार अक्षरात : ‘इटर्निटी’, म्हणजे अनंतकाळ. लिहिणारा कोण, हे शहराला कळायला १९५६ उजाडलं. आर्थर स्टेस. एकेकाळचा अट्टल दारुडा, शिक्षण जेमतेम. महामंदीत, १९३० साली, चहा आणि केक मिळेल म्हणून चर्चच्या सभेला गेला आणि ख्रिस्ताचा झाला. दोन वर्षांनी डार्लिंगहर्स्टच्या बाप्टिस्ट चर्चमध्ये जॉन रिडली यांचं इटर्निटीवरचं प्रवचन ऐकून बाहेर आला, खिशातला खडू काढला, खाली वाकला. हाताला काम नसलेल्या त्या शहरात त्याला भाकरीचा नव्हे, हा शब्द सुचला!

शब्दाचं मूळ लॅटिन ‘एव्हम’, म्हणजे काळ, वय. संस्कृत ‘आयुस्’ त्याचाच भाऊबंद. म्हणजे आपलं चार दिवसांचं आयुष्य आणि ही इटर्निटी एकाच कुळातली. मराठी बायबलात ‘इटर्नल लाइफ’साठी ‘सार्वकालिक जीवन’ आहे. जरा जड, पण ‘शाश्वत’पेक्षा बरं, तो बिचारा आता विकासाच्या सरकारी फायलींत अडकलाय.

स्टेस १९६७ साली गेला. २००० च्या नववर्षाला हार्बर पुलावर दिव्यांनी झळकला तो हाच शब्द, त्याच्याच अक्षरात.