तार की बिनतारी?

'तार' या दोन अक्षरांना आपल्या मुलखातली माणसे जितकी दचकली आहेत, तितकी वाघालाही दचकली नसतील. पोस्टातला शिपाई अवेळी दारात उभा राहिला, की आधी शेजारी गोळा होत, मग घरातले कोणीतरी रडायला सुरुवात करी, आणि शेवटी इंग्रजी वाचता येणारा एखादा गृहस्थ पाकीट फोडून सांगे, की बंडूला नोकरी लागली. ही तार जुलै २०१३ मध्ये सरकारने कायमची बंद केली. तार गेली, पण तिचा वाद मागे राहिला. तो आता कॉलेजच्या वसतिगृहात राहायला गेला आहे. खोलीत इंटरनेट घ्यायचे ते भिंतीतल्या तारेतून, म्हणजे लॅनमधून, की हवेतून, म्हणजे वाय-फायवरून? पोरांना वाटते, की हा प्रश्न त्यांच्याच पिढीला पहिल्यांदा पडला. प्रत्यक्षात तो त्यांच्या पणजोबांच्या वयाचा आहे.

१८७० साली 'ग्रेट ईस्टर्न' नावाच्या अवाढव्य जहाजाने मुंबईपासून एडनपर्यंत समुद्राच्या तळाशी तार अंथरली. पुढे ती सुएझमार्गे इंग्लंडला जोडली गेली. विलायतेतला कापसाचा भाव ज्याला आधी महिन्याने कळायचा, त्याला तो काही तासांत कळू लागला. तारवाल्या कंपनीचा असा जम बसला, की पन्नास-पंचावन्न वर्षे तिच्याकडे कोणी वाकडा डोळा करून पाहिले नाही.

मग १९२७ उजाडले आणि पाहणारा आला. त्याचे बिऱ्हाड कुठे होते म्हणता? लंडनला नव्हे, आपल्या खडकीला आणि दौंडला! खडकीहून बिनतारी संदेश इंग्लंडला सुटायचे आणि तिकडून आलेले दौंडला पकडले जायचे. दौंड म्हटले की आपल्याला गाडी बदलणे आणि फलाटावरचा बेचव चहा एवढेच आठवते. त्या दौंडने एके काळी विलायतेचा आवाज हवेतून झेलला आहे, हे तिथून जाणाऱ्या माणसाने एकदा तरी आदराने मनात आणावे.

या बिनतारी संदेशांचा दर तारेपेक्षा कमी होता. समुद्राच्या तळाशी हजारो मैल तांबे पुरायचा खर्चच नव्हता, तेव्हा कमी असणारच. गिऱ्हाइके भराभर तिकडे वळली आणि तारवाल्यांच्या पोटात गोळा आला. बरे, तार मोडीत काढावी, तर सरकारला तेही परवडेना. हवेतला संदेश शत्रूलाही ऐकता येतो, तारेतला ऐकायला त्याला समुद्राच्या तळाशी जावे लागते. तेव्हा १९२८ साली लंडनमध्ये परिषद भरली, आणि भांडणाऱ्या दोन घराण्यांत मराठी नाटकाच्या तिसऱ्या अंकात जे होते तेच झाले. लग्न लागले! १९२९ साली दोन्ही धंदे एका कंपनीत आले, आणि १९३४ साली त्या कंपनीने नावच घेतले 'केबल अँड वायरलेस'. इतके सरळ नाव आमच्या बँकेतल्या एकाही खात्याला नाही.

हिंदुस्थानातल्या शाखेचे लग्नही १९३२ साली उरकले. १९४७ साली हा संसार सरकारने आपल्याकडे घेतला, १९८६ साली त्याचे विदेश संचार निगम झाले, आणि याच निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सामान्य माणसाला इंटरनेट दिले. म्हणजे आज वसतिगृहात ज्यावरून हमरीतुमरी चालते, ते अपत्य मुळात तार आणि बिनतारी या दोघांच्याच घरात वाढलेले आहे.

गंमत इथेच संपत नाही. आपण समजतो तार आधी आणि बिनतारी नंतर. कॉलेजातल्या जाळ्यांचा इतिहास पाहिला तर तो चक्क उलटा निघतो. १९७१ साली हवाई बेटांवरच्या विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन नावाच्या प्राध्यापकाने वेगवेगळ्या बेटांवरची ठिकाणे विद्यापीठातल्या संगणकाला रेडिओने जोडली. हे गृहस्थ हवाईत गेले मुख्यतः समुद्राच्या लाटांवर फळीवरून घसरायच्या हौसेपायी. त्यांच्या जाळ्याचा नियम ग्रामसभेसारखा होता. ज्याला बोलायचे त्याने बोलावे, दोघे एकदम बोलले तर दोघांचे वाया, मग थोडे थांबून पुन्हा बोलावे. किती थांबायचे ते ज्याच्या त्याच्या नशिबावर. या पद्धतीत वाहिनीचा फार तर १८ टक्के उपयोग होतो, असा हिशेब निघाला. आमच्या ग्रामसभेपेक्षा हे प्रमाण बरेच चांगले आहे.

ते काम वाचून १९७३ साली रॉबर्ट मेटकाफ यांनी अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या प्रयोगशाळेत हीच कल्पना एका तारेत घातली, आणि बोलण्यापूर्वी दुसरा बोलतो आहे का ते ऐकण्याची शिस्त तिला लावली. नाव ठेवले 'इथरनेट'. इथर म्हणजे अवकाश भरून राहिलेले अदृश्य तत्त्व. हे तत्त्व मुळी असावेच का, अशी शंका १८८७ सालच्या प्रयोगानेच उभी केली होती. तेव्हा तारेच्या जाळ्याला नाव मिळाले ते आकाशाचे, आणि तेही नसलेल्या आकाशाचे. वाय-फायचे प्रमाणीकरण व्हायला तर १९९७ उजाडावे लागले. १९९९ साली तारेचा वेग सेकंदाला १००० मेगाबिटवर गेला होता, वाय-फाय ११ वर होते. तेव्हा अमेरिकेतल्या वसतिगृहांत उशीगणिक एक सॉकेट हे वैभवाचे लक्षण मानत. आमच्या वेळी वसतिगृहात उशीगणिक ढेकूण असत. तेही बिनतारी.

तारेत एक गुण असा, की तिचे एक टोक रेक्टरच्या हातात असते. २००७ साली पवईच्या आयआयटीने वसतिगृहातले इंटरनेट रात्री ११ पासून दुसऱ्या दिवशी दुपारी १२.३० पर्यंत बंद ठेवायचे ठरवले. पोरे रात्रभर जागतात, वर्गात झोपतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत, ही तक्रार. आता २०१६ नंतर स्वस्त झालेला मोबाईलचा डेटा खिशात आहे. आकाशाची कळ काही कुठल्या रेक्टरकडे नसते.

हे सगळे मला खोदून काढावे लागले ते भाच्यामुळे. थोरल्या बहिणीचे घर जत तालुक्याच्या पूर्व भागात. या भागाची ओळख करून द्यायची तर डाळिंब, मेंढरे, कन्नड-मराठीची सरमिसळ आणि टँकर. २०२२ साली कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांनी तालुक्यातल्या चाळीस गावांवर हक्क सांगितला तेव्हा सगळा महाराष्ट्र खवळला, आणि त्यानिमित्ताने का होईना, इथे पाणी नाही ही बातमी मुंबईला पोचली. भाचा सांगलीला इंजिनिअरिंगला लागला. डाळिंबाच्या पैशातून जुना लॅपटॉप घेतला. वसतिगृहाने दोन पर्याय दिले. खोलीत लॅन हवे तर वर्षाचे पैसे वेगळे, नाहीतर व्हरांड्यातले वाय-फाय फुकट. पोराने फोन केला.

"मामा, तुम्ही बँकेत कॉम्प्युटरवर बसता. काय घेऊ?"

मी कॉमर्सचा पदवीधर. तरी मामाने विचारल्यावर माहीत नाही म्हणायचे नसते. मी म्हटले, "अरे, तू जतचा ना? पाऊस म्हणजे बिनतारी पाणी. वरून येते, फुकट येते, सगळ्यांचे असते, आणि गरजेच्या दिवशी शेजारच्या तालुक्यात पडते. म्हैसाळचे पाणी हे तारेचे पाणी. कृष्णेतून उपसायचे, पंप, कालवे, वर्षानुवर्षे वाट. पण एकदा शेतात आले की आले."

उपमा अगदीच पोकळ नाही. वाय-फायची हवा एकच असते. खोलीत चाळीस जण असले, तर ती चाळिसांत वाटायची. साध्या वाय-फायच्या जुन्या पट्ट्यात एकमेकांवर न आदळणाऱ्या वाटा जेमतेम तीन. त्यात मधे जाड भिंत आली की व्हरांड्याजवळचा तुपाशी आणि टोकाच्या खोलीतला उपाशी. कालव्याच्या शेवटच्या टोकाचे दुःख जतकराला शिकवावे लागत नाही. तारेचे तसे नाही. शंभर मीटरपर्यंत तांब्याची तार आपल्या खोलीचे ते आपल्या खोलीतच आणते. पण तिच्यासाठी आधी भिंत फोडावी लागते, आणि पैसे मोजावे लागतात. ज्याच्याकडे ते आहेत त्याला तार, उरलेल्यांना आभाळ, हा हिशेब वसतिगृहाआधी शेतात ठरलेला आहे.

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग भाचा म्हणाला, "मामा, आईला वर्षाचे पैसे मागायला नको वाटतंय. यंदा बागेवर तेल्या पडलाय."

या वाक्यावर माझ्याकडे उपमा नव्हती. मी निम्मे पैसे पाठवतो म्हटले. तो नको म्हणाला.

महिन्याने कळले ते असे. खोलीतल्या चौघांनी वर्गणी काढून, रेक्टरची परवानगी घेऊन एक लॅन घेतले. त्या तारेच्या टोकाला कोणीतरी घरून आणलेला जुना राऊटर बसवला, आणि तार भिंतीपर्यंत, पुढे बिनतारी, असा संसार थाटला. भाच्याच्या वाट्याला चौथा हिस्सा आला. परीक्षेच्या दिवशी तार थेट ज्याच्या पेपरला गरज त्याच्या लॅपटॉपला, हा नियम त्यांनी कागदावर लिहून दाराला चिकटवला आहे.

१९२८ साली लंडनमध्ये मोठमोठ्या लॉर्डांनी परिषद भरवून जो तोडगा काढला, तो सांगलीत चार पोरांनी चटईवर बसून काढला. जगात आजही खंडाखंडांतली बहुतेक बोलणी समुद्राच्या तळाशी असलेल्या तारांतूनच जातात. हवेतले असते ते शेवटचे चार हात. तेव्हा तार की बिनतारी हे मी आता कोणाला विचारत नाही. तारेच्या टोकाला किती जण बसले आहेत आणि वर्गणी कशी वाटली आहे, एवढेच विचारतो. बँकेतल्या माणसाला तेवढे विचारायची सवय असते.